काट्यावर आधी ती

माझी सून बायकांच्या जिममध्ये शिकवते असं सांगितलं की लोक म्हणतात, "अरे वा!" मग ती चहा घेऊन बाहेर येते आणि लोक गप्प होतात. कारण सूनबाई अंगानं चांगली भरलेली आहे. 'भरलेली' हा मी माझ्या बाजूनं निवडलेला शब्द. शेजारच्या आजी इतका विचार करत नाहीत. त्या एकदा तिच्या तोंडावरच म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचा अर्धा भाग त्यांनी गिळला, पण तो सगळ्यांनाच पाठ असतो. सूनबाई हसली. म्हणाली, "आजी, कोरडी पाषाण तरी कुठे? घामानं ओलीचिंब असते मी."

मी लिहिणारा माणूस नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केली, तिथे लिहायचं म्हणजे पंप चालू, पंप बंद. त्यामुळे जसं घडलं तसं सांगतो.

लग्न होऊन घरी आली तेव्हा ती अशी नव्हती. नात झाली, मुलाच्या ट्रकच्या फेऱ्या लांबत गेल्या, आणि तिनं घराखालच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान चालवायला घेतलं. दिवसभर स्टुलावर बसायचं. कागद घालायचा, बटण दाबायचं, कागद काढायचा. गिऱ्हाईक नसलं की हाताला काम नाही, मग तोंडाला काहीतरी काम. वजन येतं ते घोड्यावर बसून येतं आणि जातं ते मुंगीच्या पावलांनी. दोन-तीन वर्षांत तिचे गुडघे बोलायला लागले. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची आणि कोणी आलं तर चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं दाखवायची. डॉक्टरांनी सांगितलं, बाई, औषध मी देतो, पण औषधानं हे व्हायचं नाही.

दोन गल्ल्या पलीकडे मालकीणबाईंचं पार्लर आहे आणि त्याच्यावर त्यांचीच बायकांची जिम. "खाली केस कमी करायचे, वर वजन," असं पोस्टातल्या बाई म्हणतात. या बाई पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसतात आणि जिममध्ये सगळ्यांत जास्त बोलतात. सूनबाई तिथे गिऱ्हाईक म्हणून जायला लागली. पहिले कित्येक महिने ती वजनकाट्यावर चढलीच नाही. कधी पोट भरलेलं आहे, कधी घड्याळ जड आहे, कधी घरी घाई आहे. मग चढली. मग उतरत गेली. जुने कपडे आत घेऊन झाले, ते पुन्हा आत घ्यावे लागले. आणि एका ठिकाणी अंगानं जणू सांगून टाकलं, बस, इथून खाली नाही. ती जिथे थांबली तिथेही ती जाडीच होती. पण गुडघे गप्प झाले होते, आणि भरलेला गॅस सिलिंडर ती मला हात लावू न देता वर आणायची.

तिथली शिकवणारी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून गेली तेव्हा मालकीणबाई सूनबाईला म्हणाल्या, "चार दिवस सांभाळ." ते चार दिवस पुढे कितीतरी वर्षं चालले. झेरॉक्सचं यंत्र आम्ही विकून टाकलं.

जिम पहाटे उघडते. त्या वेळी अंधार असतो आणि रस्त्यावर कुत्री. मुलगा निम्मा आठवडा ट्रकवर, म्हणून मी तिच्याबरोबर जातो. नात झोपलेली असते, तिच्याकडे शेजारच्या आजी लक्ष ठेवतात. तोंडानं फटकळ असल्या तरी त्यासाठी त्या स्वतः लवकर उठतात. जिममध्ये पुरुषांना प्रवेश नाही. दारावर तशी पाटी आहे, आणि नसती तरी मी आत गेलो नसतो. जिन्याच्या वळणावर एक बाक आहे, तिथे बसतो. दार उघडं आणि त्यावर जाड पडदा. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. पंपघरात आयुष्य गेल्यामुळे यंत्र न बघता ते कसं चाललंय हे कानांना कळतं.

सूनबाई सांगते, आत यंत्रं गोल मांडलेली आहेत. एक हातांनी ढकलायचं, एक ओढायचं, एक पायांनी रेटायचं. लोखंडाच्या चकत्या वगैरे नाहीत. नळकांड्यात सरकणारे दांडे आहेत, जितका जोर लावाल तितके ते अडतात आणि सुस्कारा सोडतात. दर दोन यंत्रांमध्ये एक चौकोनी फळी. तिच्यावर जागच्या जागी पळायचं. सूनबाई गोलाच्या मध्ये उभी राहते. थोड्या वेळानं ती "बदला!" म्हणते, की सगळ्याजणी एकेक जागा पुढे सरकतात. यंत्रावरची फळीवर, फळीवरची यंत्रावर. याला सर्किट म्हणतात. गोल असल्यामुळे त्यात पहिली कोणी नाही आणि शेवटची कोणी नाही. मात्र एक अडली की मागच्या सगळ्या अडतात. म्हणून "बदला" कधी म्हणायचं याला महत्त्व आहे. भिंतीवर घड्याळ आहे, पण सूनबाई घड्याळाइतकंच बायकांकडेही बघते. कोणी नवी बाई यंत्रातून पाय सोडवत असेल तर शब्द ओठांवर धरून ठेवते. बाहेर बसून मला ते थांबणं कळतं.

"ढकल गं, ढकल! एवढंच? नवऱ्याला ढकलतेस तसं ढकल."

"माझा नवरा हलतो तरी. हे हलत नाही."

"मग अदलाबदल करू या," पोस्टातल्या बाई म्हणणार. "हे यंत्र मी घरी नेते, माझा नवरा इथे बसवा. आवाज दोघांचा सारखाच. काही सांगितलं की हुश्श!"

"बोलायला दम उरलाय म्हणजे ढकलताना वाचवलाय," सूनबाई म्हणते. "बदला!"

महिन्याचा पहिला सोमवार हा वजनाचा दिवस. त्या दिवसासाठी सूनबाईनं सुरुवातीपासून एक पद्धत पाडली होती. काटा मध्ये आणायचा, गोलात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या समोर, आणि आधी तिनं स्वतः चढायचं. मला बाहेर तिनं चप्पल काढल्याचं ऐकू यायचं, काटा थोडा करकरायचा, मग ती आकडा मोठ्यानं सांगायची.

"ब्याऐंशी, वर थोडं. मागच्या वेळेपेक्षा जास्त. भावाकडे गेले होते. भावजय इतका आग्रह करते, तिला नाही म्हणता येत नाही."

"तिला नाही, का ताटाला?"

"दोघांनाही. चला, आता कोण?"

मग बायका एकेक करून चढायच्या. कोणाचं उतरलेलं असलं तर टाळ्या, चढलेलं असलं तर कारणाची चौकशी आणि त्या कारणावर हशा. एकदा एक नर्सबाई काट्यावर उभ्या राहून रडायला लागल्या. सूनबाई म्हणाली, "रडलात ते बरं केलंत. तेवढं पाणी बाहेर गेलं. आता आकडा बघा." नर्सबाई रडता रडता हसल्या. मी जिन्यावर एकटाच बसून हसलो.

मालकीणबाई वाईट नाहीत. सडपातळ, नीटनेटक्या, आवाज कधी चढत नाही. पण मोठ्या रस्त्यावर दुसरी जिम निघाली, तिच्या काचेवर बारीक कमरेच्या मुलींचे माणसाएवढे फोटो लागले, आणि आमच्या मालकीणबाईंची झोप गेली. त्यातच एके दिवशी दोन नव्या बाया चौकशीला आल्या. सूनबाईनं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, पण शिकवणाऱ्या ताई कधी भेटतील?" सूनबाई म्हणाली, "भेटल्या की. मीच." त्या दोघी एकमेकींकडे बघत जिना उतरल्या. माझ्यासमोरूनच गेल्या. खाली पोचेपर्यंत त्यांनी हसू कसंबसं दाबलं होतं.

हे मालकीणबाईंच्या कानावर गेलं. सकाळची तुकडी सुटल्यावर त्यांनी सूनबाईला जिन्यात गाठलं. मी बाकावर होतो. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा काका, घरातलंच आहे." मग तिला म्हणाल्या, "माझा तुझ्यावर राग नाही. पण तूच सांग, टकल्याकडून केसांचं तेल कोण विकत घेतं?"

"तेल चांगलं असेल तर?" सूनबाई म्हणाली.

"ते कळायला आधी बाटली घ्यावी लागते ना. बाटली न घेताच परत जातात त्या." मालकीणबाई एक पायरी खाली आल्या. "दोन महिने घे. दहा किलो उतरव. नाही जमलं तर मी एक मुलगी बघून ठेवली आहे, ती शिकवेल. तुला काढत नाही मी. खाली पार्लरच्या काउंटरवर ये."

"काउंटरवर काय करायचं?"

"बसायचं. फोन घ्यायचे."

"बसायचं," सूनबाई म्हणाली.

घरापर्यंत ती माझ्या पुढे झपझप चालत आली. दाराशी पोचल्यावर म्हणाली, "बाबा, स्टुलावर बसून मी कशी झाले होते ते तुम्ही बघितलंय." मी म्हटलं, "हो."

त्या दिवसापासून तिनं जेवण तोडलं. कमी केलं असं नाही, तोडलंच. आम्हाला वाढायची, स्वतः पाणी पिऊन उठायची. सासऱ्यानं सुनेच्या ताटात डोकावायचं नसतं असं मला लहानपणापासून वाटत आलंय, त्यामुळे मी आडून आडून बोलायचो. "भूक नाही का तुला?" "आहे बाबा. भूक तर आहेच." नातीनं मात्र एकदा जेवता जेवता सरळ विचारलं, "आई, तू जाडी आहेस म्हणून तुला काढणार का?" सूनबाई म्हणाली, "हो." नात म्हणाली, "मग आमच्या शाळेतल्या अर्ध्या बाई काढाव्या लागतील." सूनबाई हसली, पण जेवली नाही.

मुलगा फोनवर म्हणायचा, "सोडून दे ती नोकरी. पुन्हा दुकान टाकू." ती म्हणायची, "तुम्ही गाडीकडे बघा." आणि जिममध्ये बायका यायच्या आधी एकटीच सगळ्या गोलाची फेरी मारायची. बाहेर मला यंत्रांचे सुस्कारे ऐकू यायचे, एकामागून एक, एकाच माणसाचे.

हळूहळू तिचा "बदला" उशिरा यायला लागला. बायकांसाठी थांबल्यामुळे उशीर होतो तो मला ओळखू यायचा. हा तसा नव्हता. आवाज शोधावा लागल्यासारखा यायचा. एका सकाळी तो आलाच नाही. यंत्रं चालत राहिली, मग एकेक करून मंदावली, आणि कोणीतरी ओरडलं. पोस्टातल्या बाई पडद्यातून डोकं काढून म्हणाल्या, "काका, पाणी! आणि काही गोड असेल तर." मी खाली पार्लरमधून पाणी आणि साखर आणली आणि पडद्याजवळ उभा राहिलो. आत जावं असं फार वाटत होतं. पाय उचलला नाही. पडद्यातून हात पुढे केला, कोणीतरी पेला घेतला.

"आम्हाला बजावून सांगतेस, उपाशी राहू नका, उपाशी राहून वजन उतरत नाही, माणूस उतरतो," पोस्टातल्या बाईंचा आवाज. "आणि स्वतः? काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही."

"आणि काल?"

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आजपासून तू जेवली नाहीस तर आम्ही कोणी यायचं नाही. काय गं?" आणि सगळ्याजणी एकदम "हो" म्हणाल्या. नर्सबाईंनी नाडी बघितली आणि त्यांनीही खडसावलं.

परत जाताना सूनबाई म्हणाली, "बाबा, मी आजपासून जेवणार आहे."

"बरं."

"म्हणजे दहा किलो काही उतरत नाहीत. काउंटरवर बसावं लागेल."

मला म्हणायचं होतं की काउंटर गेला खड्ड्यात, तू जेव. पण नोकरी तिची, आपण परस्पर खड्ड्यात कशी घालणार? मी पुन्हा "बरं" म्हटलं. त्या दिवशी ती जेवली. मन लावून जेवली.

दोन महिने सरत आले तशी नवी मुलगी आली. अगदी वेताच्या छडीसारखी, चलाख, कुठलातरी कोर्स करून आलेली. तिच्या गळ्यात शिट्टी असायची. फोनवर वेळ लावायची आणि वेळ झाली की शिट्टी फुंकायची. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव शिट्टी ठेवलं. मुलगी मनानं चांगली होती. पण शिट्टी बायकांकडे बघत नाही. एखादी यंत्रातून उतरायच्या आत मागची येऊन टेकायची, तिच्यामागची तिला, आगगाडीचे डबे आपटावेत तसं चालायचं.

मालकीणबाईंनी सूनबाईला सांगितलं, "हा एक आठवडा तू हिच्याबरोबर राहा, सगळं दाखवून दे. पुढच्या सोमवारी खाली ये." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. या आठवड्याचा पहिलाच दिवस, सोमवार, वजनाचा होता. "वजन ही घेईल. तू काट्यावर चढायचं नाहीस. शिकवणारीचा तो आकडा ऐकून लोक काय म्हणत असतील?" आणि बायकांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यात दांडी ठोकून घेतली, तिला फुलाफुलांचा पडदा लावला आणि काटा त्याच्यामागे ठेवला. त्यांना खरोखर वाटलं होतं की बायकांना हे आवडेल.

सोमवारी व्यायाम संपला. शिट्टी म्हणाली, "चला, एकेक जण पडद्यामागे या. आकडा फक्त मला कळेल."

कोणी हललं नाही.

"आज नको गं, मी आत्ताच बाटलीभर पाणी प्यायले."

"माझे केस ओले आहेत. ओल्या केसांचं वजन धरतात का?"

"मला पोस्ट उघडायचंय," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. पोस्ट उघडायला अजून खूप वेळ होता.

"लाजू नका," शिट्टी म्हणाली. "पडदा आहे ना."

"अगं, पडदा आहे म्हणूनच. पडद्यामागे जायचं म्हणजे काहीतरी झाकण्यासारखं आहे असंच ना? डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतंय."

"मग पडदा काढू का?"

"पडद्याचं राहू दे. आधी तू चढ."

मुलगी बिचारी चढली. आकडाही मोठ्यानं सांगितला. मग एक आवाज आला, "एवढी तर माझी एक मांडी भरेल." हसलं कोणी नाही. चपला घातल्याचे आवाज आले आणि बायका माझ्यासमोरून जिना उतरून गेल्या, एकही काट्यावर न चढता. त्यांच्या मागून सूनबाई आली. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या नर्सबाईंचं वजन मागच्या महिन्यात पहिल्यांदा उतरलं होतं बाबा. आज कळलं असतं, टिकलंय का ते."

दुसऱ्या दिवशी निम्म्याच बायका आल्या. आलं की काट्यावर चढायला सांगतील, ही धास्ती. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. जिन्याखाली रस्त्याच्या बाजूला एक फळा आहे. सगळ्यांचे मिळून त्या महिन्यात किती किलो उतरले ते मालकीणबाई त्यावर खडूनं लिहितात आणि जाणारे-येणारे वाचतात. फळा पुसून ठेवलेला होता, पण त्यावर लिहायला काही नव्हतं.

गुरुवारी मालकीणबाई जिना चढून आल्या आणि वर न जाता माझ्या बाकासमोर उभ्या राहिल्या. मी उठून उभा राहिलो.

"काका, तुम्ही इतकी वर्षं इथे बसता. सूनबाई वजनाच्या दिवशी नेमकं करते काय?"

मी काही चुकीचं बोललो तर तिचंच नुकसान. पण त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"ती आधी चढते," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच ऐकू येतं. ती चढते आणि किती वाढलंय ते सांगते. मग बाकीच्या चढतात. कारण..." मला कारण नीट मांडता येईना. "कारण तिच्याइतकं अवघड त्यांच्यापैकी कोणालाच नसतं. वजन उतरवायला तीच शिकवते ना."

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या वर गेल्या. थोड्या वेळानं दांडीवरच्या कड्या खळखळल्या. काट्यापुढचा पडदा काढल्याचा आवाज होता तो.

"आज वजन घेऊ या," त्या आत म्हणाल्या. "तू घे."

"मी?" सूनबाई म्हणाली. "मी सोमवारी खाली जाणार ना?"

"ते नंतर बघू."

"नंतर नको बाई. आत्ता."

मी बाकाची कड धरली. ती अशी बोललेली मी घरात कधी ऐकली नव्हती.

"मी काट्यावर चढणार म्हणजे आकडा सांगणार," ती म्हणाली. "उतरलेला नाही तो. मध्ये उपाशी राहून उतरला होता, जेवायला लागले तसा परत आला, वर थोडा जास्तच. तो ऐकून तुम्ही मला खाली पाठवणार असाल तर आधीच सांगा. मी चप्पल काढत नाही."

आत सगळी यंत्रं थांबली होती.

"नव्या येणाऱ्या हसतात गं," मालकीणबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या वाटल्या.

"हसतात," सूनबाई म्हणाली. "ज्या हसत नाहीत त्या राहतात."

"आम्ही काय हसलो नव्हतो का?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "मी तर पहिल्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली होती. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्चीतून उठला."

कोणीतरी खुदकन हसलं. मालकीणबाई म्हणाल्या, "सकाळ तुझी. संध्याकाळची तुकडी ही घेईल. बाहेर फोटो मात्र हिचाच लागेल, ते मी तुला आत्ताच सांगते."

"लावा की. माझा फोटो मलाही आवडत नाही."

"आणि काउंटरवर मी दुसरं कोणीतरी बघते."

तेव्हा कुठे चप्पल काढल्याचं ऐकू आलं.

"चौऱ्याऐंशी," सूनबाई म्हणाली. "आणि वर अर्धा. ऐकलंत का सगळ्यांनी? साडेचौऱ्याऐंशी."

"अगं बाई!"

"आता कोण?"

"थांब, मी घड्याळ काढते," नर्सबाईंचा आवाज आला. चढल्या. त्यांचं टिकलं होतं. टाळ्या झाल्या. मग रांग लागली असावी, कारण पाण्याचं, केसांचं आणि पोस्टाचं कोणी नाव काढलं नाही. शिट्टी आकडे लिहून घेत होती आणि मध्येच विचारत होती, "ताई, वाढलेल्यांना तुम्ही रागवत नाही का?" सूनबाई म्हणत होती, "मला कोण रागावलं? चल, लिही."

परतताना चांगलं उजाडलं होतं. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या, तुझे सासरे बोलले. काय बोललात?"

"काही नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही? मालकीणबाईंशी?" नोकरी राहिल्याचं राहू द्या, तिला या गोष्टीचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

मग तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून मुलाला फोन लावला. तिकडून ट्रकचा आवाज इतका येत होता की तिला ओरडावं लागत होतं.

"अहो, राहिली! ... राहिली म्हणते! ... वजन? वजन वाढलंय. ... अहो, वजन नाही राहिलं, नोकरी राहिली! ... हो, सकाळचीच. ... नाही, दुकान नको. मुळीच नको. ... हो, जेवते. तुम्ही आधी गाडी बाजूला घ्या आणि मग बोला."

दूधवाला सायकल थांबवून तिच्याकडे बघत होता. तिनं त्याला हातानं पुढे जा म्हणून खुणावलं, आणि तो गेला.